गादी सरकली म्हणजे नेमकं काय सरकलं?

कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळेबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. सगळ्यांच्या हातात एमआरआयचा रिपोर्ट आहे आणि सगळ्यांचा प्रश्न एकच आहे: ऑपरेशन टळेल का? सारखी पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. उत्तरांत रिपोर्टपेक्षा पायाची चौकशी जास्त दिसेल. ती मुद्दाम केलेली आहे.

वय ४१. घोडबंदर रोडहून ऐरोलीला ऑफिसला जातो. तीन आठवडे उजव्या कुल्ल्यापासून पोटरीतून पायाच्या करंगळीपर्यंत कळ जाते. रिपोर्टमध्ये ‘एल-४ एल-५ बल्ज, एल-५ एस-१ एक्स्ट्रूजन, एस-१ नस दबलेली’ असं आहे. सर्जन म्हणतात, सहा आठवडे थांबू. एवढी बाहेर आलेली गादी आत कशी जाणार?

आत जात नाही, जिरते. (रिपोर्टमधले एल-४, एल-५, एस-१ हे कंबरेच्या मणक्यांचे आणि तिथून निघणाऱ्या नसांचे क्रमांक.) दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेर चिवट तंतूंचं कडं आणि आत जेलीसारखा गर. कडं फाटून गर बाहेर आला की शरीर त्याला परका समजतं. तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या येतात, पेशी तो गर खाऊ लागतात, त्यातलं पाणी आटतं आणि तुकडा आक्रसतो. कड्याच्या आतच राहिलेल्या फुगवट्यापर्यंत ही सफाई नीट पोचत नाही. म्हणून ऐकायला भीतिदायक असलेलं ‘एक्स्ट्रूजन’ साध्या ‘बल्ज’पेक्षा जास्त वेळा आणि जास्त प्रमाणात जिरतं. शिवाय कळ नुसत्या दाबाची नसते. गरातल्या रसायनांनी नस सुजते आणि ती सूज आधी उतरते. त्यामुळे दुखणं थांबलं तरी फोटोत गादी जागच्या जागी दिसू शकते. बरं वाटत असेल तर ‘आता कुठवर आलंय बघू’ म्हणून पुन्हा एमआरआय काढू नका.

रिपोर्टमधला ‘बल्ज’ तर सोडूनच द्या. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या गादीत फुगवटा होता.

थांबण्याला आधार आहे, पण त्याची किंमतही माहीत असावी. नेदरलँड्समध्ये ६ ते १२ आठवडे सायटिका, म्हणजे हीच कंबरेतून पायात उतरणारी कळ, असलेल्या २८३ जणांचे दोन गट केले होते: एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याने थांबायचं. २००७ मध्ये निष्कर्ष आले. वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी त्या वर्षात शेवटी ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे थांबून पाय गमावला जात नाही, काही आठवडे त्रासात जातात. ते किती सोसायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं. मात्र हे गणित पायातली ताकद शाबूत असेल तरच लागू आहे.

ती घरीच बघता येते. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहा आणि टाच दहा वेळा उचला. चांगल्या पायाने दहा आणि दुखऱ्या पायाने चारच होत असतील तर एस-१ नस अशक्त आहे. टाचांवर चार पावलं चाला आणि पायाचा अंगठा वर उचलून त्यावर हाताने दाब द्या. अंगठा लगेच खाली जात असेल तर एल-५. जिना उतरताना गुडघा दगा देत असेल तर बहुधा एल-४. दर दोन दिवसांनी हे बघून आकडे लिहून ठेवा. कळ तीच असून आकडा उतरत असेल तर सहा आठवड्यांची वाट न बघता सर्जनला त्याच दिवशी दाखवा.

यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळा व्यायाम सांगतो. नेमके कोणते, किती वेळा? (कोपरी, कळवा आणि खारघरहून तीन पत्रं)

व्यायाम कोणता हे तुमची कळ सांगते. नियम एक: कळ पावलाकडून कंबरेकडे वर सरकली तर व्यायाम बरोबर, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पोटरीत, बोटांत उतरली आणि थांबल्यावरही पाच-दहा मिनिटं तिथेच राहिली, तर तो व्यायाम आज बंद.

बहुतेकांना मागे वाकण्याचे व्यायाम मानवतात. जमिनीवर सतरंजी घालून पालथे पडा, दोन ते पाच मिनिटं. तेवढंही सोसत नसेल तर पोटाखाली उशी घ्या आणि दोन-तीन दिवसांत ती काढा. मग कोपरांवर टेकून दोन-तीन मिनिटं. हे जमलं की तळवे खांद्यांखाली ठेवून हातांच्या जोरावर छाती उचला. कंबर आणि कुल्ले जमिनीलाच राहू द्या, वर एक-दोन सेकंद थांबा, खाली या. असं दहा वेळा, दिवसा दर दोन-तीन तासांनी. सकाळी एकदाच पन्नास वेळा करून भागत नाही.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे याला भुजंगासन समजणं. भुजंगासनात पाठीचे स्नायू छाती उचलतात. इथे पाठ ओल्या कपड्यासारखी ढिली हवी, सगळं काम हातांचं. पाठ ताठ केली की गादीवरचा दाब वाढतो आणि माणूस म्हणतो, व्यायामाने बिघडलं. शरीर एका बाजूला कललेलं दिसत असेल, आरशात कळतं, तर आधी फिजिओथेरपिस्टकडून तो कल काढून घ्या. त्याआधी पालथे व्यायाम सुरू करू नका. साठीपुढच्या ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसल्यावर बरं वाटतं, त्यांच्या मणक्यातली नसांची वाट बहुधा अरुंद झालेली असते. त्यांना मागे वाकणं उलट त्रास देतं.

चालणं हाही उपचारच आहे: सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. तलावपाळीचा एक फेरा ठीक, येऊरचा चढ नंतर. अंथरूण धरून राहायचं ते जास्तीत जास्त एक-दोन दिवस. पोटरीतली कळ ओसरली, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, की कंबरेला आधार देणारे व्यायाम जोडा. रांगण्याच्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय सरळ, मग उलट. कुशीवर कोपर आणि गुडघ्यांच्या आधाराने कंबर उचलून धरणं. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद. आधी सहा वेळा, थोडं थांबून चार, मग दोन.

पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन आणि पाय धरून ठेवून केलेल्या उठाबशा, म्हणजे सिट-अप्स, दोन-तीन महिने बंद. मांडीमागची ‘ताठ शीर’ ताणून मोकळी करणंही. ती शीर नाही, सुजलेली नस आहे, आणि ताणली की संध्याकाळी सूड घेते. उठल्यावर पहिला तासभर तर वाकूच नका. रात्री आडवं असताना गादी पाणी शोषून फुगते, त्यामुळे सकाळी वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. मोजे, बूट आणि पाण्याची बादली थोडी थांबू शकतात.

प्रीगॅबालिन आणि मिथाइलकोबालामिनची एकत्र गोळी चालू आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहिलं की गरगरतं. बंद करू का?

एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून निदान आठवडाभरात डोस उतरवत आणा. प्रीगॅबालिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध, सायटिकासाठी आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत २०९ रुग्णांमध्ये आठ आठवड्यांनंतर ते औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि गरगरणं मात्र जास्त आढळलं. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२. ते रक्तात कमी असेल तर जरूर घ्या. शाकाहारी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत ते बरेचदा कमी असतं. पण दबलेली नस त्याने सुटत नाही.

सूज उतरवणाऱ्या गोळ्या, म्हणजे नॅप्रोक्सेन, असेक्लोफेनॅक वगैरे, जेवणानंतर आठ-दहा दिवस बऱ्या. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, हृदयविकार किंवा न आवरणारं ब्लडप्रेशर असेल तर केमिस्टकडून परस्पर घेऊ नका. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत तेच औषध असतं, एवढं तरी तपासा.

आईचं वय ६६, मधुमेह आहे, हृदयात स्टेंट असल्यामुळे क्लोपिडोग्रेल चालू आहे. कमरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय. द्यावं का? (नेरूळ)

सहा आठवड्यांच्या आतली, झोप उडवणारी पायातली कळ असेल तर विचार करण्यासारखं आहे. नुसती कंबर दुखत असेल तर नाही. इंजेक्शन गादी विरघळवत नाही, नसेभोवतीची सूज काही आठवडे ते तीनेक महिने दाबून ठेवतं. त्या मुदतीत चालणं आणि व्यायाम झाले नाहीत तर पैसे वाया. गुण यायला दोन ते सात दिवस लागतात. त्याच संध्याकाळी बरं वाटलं तर ते भूल देणाऱ्या औषधामुळे, दुसऱ्या दिवशी कळ परत आली म्हणून घाबरू नका.

क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध, अशा इंजेक्शनाआधी साधारण सात दिवस थांबवतात, पण ते थांबवता येईल का हे फक्त हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. नवा स्टेंट असेल तर ते नकोच म्हणतील. साखर इंजेक्शननंतर काही दिवस चढते. घरच्या ग्लुकोमीटरवर दिवसातून तीन-चार वेळा बघा आणि इन्सुलिन चालू असेल तर त्याचं काय करायचं ते आधीच लिहून घ्या. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: सुई सी-आर्मखाली, म्हणजे चालू एक्स-रेत बघत, रंगद्रव्य सोडून जागा पक्की करून देणार ना? आणि रिपोर्टमधली नस व आईची दुखणारी बाजू जुळते ना? दुसऱ्या प्रश्नाला ‘रिपोर्टमध्ये आहे ना’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं मत घ्या. घरी आल्यावर ताप, उठून बसल्यावर वाढणारी डोकेदुखी किंवा पाय लुळा वाटणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच परत जा.

‘ऑपरेशनशिवाय डीकम्प्रेशन’ची २० सिटिंगची जाहिरात बघितली. ट्रॅक्शन, पट्टा, कटीबस्ती, ओझोन यांचं काय?

यंत्रावरचं डीकम्प्रेशन म्हणजे संगणक जोडलेलं ट्रॅक्शन, कंबरेला ताण देऊन ओढणं, आणि ट्रॅक्शनचा सायटिकावर फारसा फरक पडत नाही असं चाचण्यांचे आढावे सांगतात. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तर ट्रॅक्शन, पट्टा, टेन्स (त्वचेवरून दिला जाणारा सौम्य विजेचा झटका) आणि अल्ट्रासाउंडचा शेक देऊ नका असंच म्हटलं आहे. तरी गुण आलेली माणसं भेटतातच. पॅकेज चालतं पाच-सहा आठवडे आणि बऱ्याच जणांची कळही त्याच सुमारास आपली आपण उतरते, श्रेय यंत्राला. पट्टा प्रवासात तास-दोन तास बांधा, दिवसभर नको. कटीबस्तीत उडदाच्या पिठाच्या पाळीत कोमट तेल धरून ठेवतात. त्याने आखडलेले स्नायू सैल पडतात, बरं वाटतं, गादीपर्यंत काही पोचत नाही. मधुमेहात पाठीची संवेदना कमी असेल तर तेलाची उष्णता आधी दुसऱ्याने हाताने बघावी. ओझोन वायू सुईने गादीत सोडण्याबाबतचा पुरावा आम्हाला पैसे खर्च करण्याइतका भक्कम वाटत नाही. आणि मान किंवा कंबर कडकन मोडून ‘गादी बसवणाऱ्या’कडे, पायात अशक्तपणा असताना तर मुळीच, जाऊ नका.

मी वाशी मार्केटला माथाडी आहे. दोन महिन्यांपूर्वी एल-४ एल-५ सरकली, आता कळ जवळपास गेलीय. पन्नास किलोची गोणी कधी उचलू? (कोपरखैरणे)

कळ गेली तरी फाटलेलं कडं सांधायला वेळ लागतो. पहिले तीन महिने पूर्ण वजन नको. वर दिलेल्या टाच-अंगठा चाचण्या दोन्ही पायांनी सारख्या होत असतील तर दहा किलोपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच-सात किलो वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ गुडघ्याखाली उतरली तर एक पायरी मागे. मुकादमाशी बोलून सुरुवातीला अर्धा दिवस आणि ट्रकच्या फाळक्यावरून, कमरेच्या उंचीवर मिळणारं काम मागा. जमिनीवरून उचलून अंगाला पीळ देत थप्पीवर टाकणं सगळ्यात वाईट: वाकणं, वजन आणि पीळ एकाच वेळी. वळायचं तर पावलं वळवा, कंबर नाही. गोणी पाठीवर घेताना टोळीतल्या दोघांनी चढवावी. तंबाखू ओढण्यातली असेल तर सोडा, गादीला मिळणारा तुटपुंजा पुरवठाही ती कमी करते.

बैठक भारतीय की कमोड? झोपायचं कसं?

तीन महिने कमोड. कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी. फळीवर झोपायची गरज नाही.

कितीही दुखलं तरी ऑपरेशन नको, असं घरच्यांनी ठरवलंय. कुठल्या लक्षणाला मात्र थांबू नये?

दुखणं किती, यावर हे ठरत नाही. दोन्ही पायांत एकदम कळ किंवा बधिरपणा. सायकलच्या सीटला टेकतो तो भाग, म्हणजे जांघा, गुदद्वार, लघवीची जागा, बधिर होणं. लघवी लागल्याचं न कळणं, अडणं किंवा नकळत होणं. शौच न धरता येणं. चालताना पावलाचा पुढचा भाग खाली घासणं. यातलं एकही नव्याने दिसलं तर मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत त्याच रात्री, सकाळची ओपीडी नाही. कमरेखालच्या नसांचा अख्खा गुच्छ दबलेला असू शकतो आणि तिथे तासांना किंमत असते. पोचल्यावर ‘कंबर दुखते’ म्हणू नका, इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. ‘लघवीची जाणीव गेलीय’ हे पहिलं वाक्य असू द्या, आणि शेवटची लघवी किती वाजता झाली ते सांगा. लघवी झाल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीने मोजायला सांगा. २०० मिलिलिटरच्या वर असेल तर संशय बळावतो. एमआरआयची फाइल बरोबर घ्या आणि निघताना काही खाऊ नका, भूल द्यावी लागू शकते.