सीआरपी वाढला म्हणजे हार्ट अटॅक येणार का?

रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून येणारी सूज, म्हणजे दाह, आणि हृदयविकार यांच्या नात्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देतो. नावं मुद्दाम गाळली आहेत.

चिपळूण, दुकानदार, वय ५२ : 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज केलं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११०, साखर ठीक. पण एचएस-सीआरपी १४ आला आणि कागदावर लाल अक्षरांत 'हाय रिस्क' छापलंय. त्याआधी आठवडाभर तापाने झोपून होतो. आता अँजिओग्राफी करून घेऊ का?

नको. तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : आठवडाभर ताप होता.

सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन) हे यकृतात तयार होणारं प्रथिन; 'एचएस' म्हणजे त्याचं अगदी थोडं प्रमाणही मोजणारी तपासणी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते सापडलं, तेही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. शरीरात कुठेही दाह किंवा जंतुसंसर्ग झाला की ते वाढतं. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो असतोच, शिवाय लावणीच्या चिखलात पायाला झालेली जखम चिघळते. अशा वेळी सीआरपी १४ काय, शंभराच्या वर गेलेला मी नेहमी पाहतो. म्हणून आकडा १० च्या वर असेल तर त्यावरून हृदयाचा हिशेब मांडायचाच नाही. पूर्ण बरे व्हा, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि मग तपासणी पुन्हा करा. तेव्हा १ च्या खाली आला तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, आणि ३ च्या वर टिकून राहिला तर जास्त. तसा टिकला तरी उपाय अँजिओग्राफी नव्हे. बीपी, पोटाचा घेर, तंबाखू, घरात कुणाला लवकर अटॅक आला होता का, हे सगळं एकत्र पाहून कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुरू करायची का, ते ठरवायचं. पॅकेजवाल्या लॅबने लाल शाई वापरण्याआधी 'ताप होता का?' एवढं विचारलं असतं तर तुमची झोप उडाली नसती.

दुसरी बाजूही सांगतो. २०१८ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओच्या अभ्यासात दिसलं, की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं. त्यामुळे तापाच्या दिवसांत छातीत दाटलं, घाम फुटला, तर 'अशक्तपणा असेल' म्हणत घरी बसू नका. ईसीजी काढा.

रत्नागिरी, शिक्षिका : व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की कोलेस्टेरॉल निर्दोष आहे, खरा गुन्हेगार दाह. मग मिस्टरांची स्टॅटिन बंद करू का?

बंद करू नका. या अर्धसत्याने माझ्या ओपीडीत बराच गोंधळ घातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाटात गाळ बसून पाणी अडावं, तसं ब्लॉकेजचं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात चरबी रक्तवाहिनीच्या पोकळीत नव्हे, तर भिंतीच्या आत शिरते. ती तिथे बिघडली की पांढऱ्या पेशी तिला गिळायला धावतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच अडकून मरतात. कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक या पेशींना आणखी चिथावतात. त्यातून इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही रसायनं सुटतात आणि भिंत धुमसत राहते. एखाद्या दिवशी वरचा पातळ पापुद्रा फुटतो, रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद होते. म्हणूनच काल ट्रेडमिल टेस्ट पास झालेल्या माणसाला आज अटॅक येऊ शकतो.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या फिरशो यांनी रोगट धमन्यांत दाह पाहिला होता. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी 'हा दाहाचाच आजार' अशी मांडणी केली. पण रोगट जागी दाह दिसतो म्हणून तोच रोग घडवतो असं सिद्ध होत नाही. दाह कमी केल्यावर अटॅक कमी होतात का, हे पाहावं लागतं.

ते २०१७ च्या 'कँटोस' चाचणीने पाहिलं. आधी अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेले १०,०६१ रुग्ण घेतले. त्यातल्या काहींना इंटरल्युकिन-१ अडवणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. कोलेस्टेरॉल जसंच्या तसं राहिलं, तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसला पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. दाहाचा गुन्हा तिथे शाबीत झाला. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट वापरून पाहिलं. त्याने अटॅक कमी झाले नाहीत, इंटरल्युकिनही उतरलं नाही. म्हणजे सूज उतरवणारं कुठलंतरी औषध देऊन इथे भागत नाही, नेमकी साखळी तोडावी लागते.

आणि ही साखळी सुरू होते भिंतीत शिरलेल्या कोलेस्टेरॉलपासून. ते निर्दोष कसं? गंमत म्हणजे ज्या स्टॅटिनवर तुमचा राग आहे, ती एलडीएलबरोबर सीआरपीही खाली आणते. गोळी चालू ठेवा.

मालवण : वडिलांना स्टेंट बसवलाय. मुंबईचा भाचा म्हणतो कोल्चिसिन सुरू करा. शेजारचे काका म्हणतात, ते तर आपल्या कळलावीतच असतं, कंद उगाळून द्या.

काकांना आधी हात जोडून थांबवा. श्रावणात गडग्यावर लाल-पिवळ्या फुलांनी पेटलेली दिसते ती कळलावी. तिच्यात कोल्चिसिन असतं हे खरं, आणि म्हणूनच ती विषारी आहे. कंदात ते किती आहे हे डोळ्यांना कळत नाही. आधी उलट्या-जुलाब, मग मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा निकामी, आणि मृत्यू. कुणी खाल्लाच असेल तर 'बघू सकाळपर्यंत' म्हणू नका.

भाच्याचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. गाऊटवरची (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजारावरची) ही जुनी, स्वस्त गोळी रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन २०१९ च्या चाचणीत हृदयाच्या घटना २३ टक्क्यांनी, तर २०२० च्या चाचणीत ३१ टक्क्यांनी घटल्या. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिला हृदयविकारासाठी मान्यता दिली. पण २०२४ मध्ये अटॅकनंतर लगेच गोळी सुरू केलेल्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. माझं मत : सरसकट नको. बाकीची औषधं नीट चालू असताना पुन्हा पुन्हा त्रास होत असेल, तरच हृदयरोगतज्ज्ञाला विचारा. वडिलांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर तिच्यापासून लांबच राहा. आणि गोळी चालू असताना खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर 'कोल्चिसिन घेतोय' हे आधी सांगा. दोन्ही एकत्र जिवावर बेततात.

गुहागर : आजी दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. हिरड्यांतून रक्त येतं. त्याचा हृदयाशी संबंध असतो का?

असतो. हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळतो. हिरड्यांवर उपचार केल्यावर सीआरपी थोडा उतरतोही. पण त्याने अटॅक टळतात असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून दातांच्या दवाखान्यात कुणी तशी हमी दिली तर मान डोलावू नका. उपचार मात्र करा, साखर असेल तर नक्कीच. मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे. 'ओढत नाही, नुसती घासते' या समजुतीत कोकणातल्या कितीतरी बायका आयुष्य काढतात. आजींना एकदम सोडवत नसेल तर आधी दुपारची बंद करा. दात काढायचा झाला तर रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने थांबवू नका.

देवगड : दाह कमी करायला हळद, सोलकढी, खोबरेल तेल, बांगडा यांतलं काय घ्यावं?

बांगडा आणि तारली, आमटीतली, तळलेली नव्हे. हळद आणि कोकम चवीला घ्या, त्यांच्यावर औषधाचा भार टाकू नका. खोबरेल तेलाबाबत आपलं प्रेम आड येतं : २०२० मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल सुमारे १० अंकांनी जास्त निघालं. बीपी असेल तर सुकटीतल्या मिठाकडे लक्ष द्या.

सावंतवाडी : बहीण २६ वर्षांची. डाव्या हाताला बीपी लागतच नाही, नाडीही मंद. हात चटकन दुखतो, बारीक ताप, वजन उतरलंय. डॉक्टर 'अशक्तपणा' म्हणाले.

या सगळ्या पत्रांत मला काळजी वाटली ती तुमच्या पत्राची. इथे प्रश्न चरबीचा नसावा. महाधमनी आणि तिच्या फांद्यांनाच सूज येणारा ताकायासू नावाचा आजार आहे. जपानी नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी १९०८ मध्ये तो नोंदवला. तो आशियातल्या तरुण स्त्रियांत जास्त दिसतो. दोन्ही हातांचं आणि पायांचंही बीपी मोजून घ्या, ईएसआर (दाह दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) आणि सीआरपी करा, आणि रक्तवाहिन्यांचा सीटी किंवा एमआर अँजिओ होईल अशा मोठ्या रुग्णालयात ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवात आणि अशा दाहाच्या आजारांच्या तज्ज्ञांना) दाखवा. निदान लवकर झालं तर स्टेरॉइड आणि जोडीच्या औषधांनी आजार आटोक्यात ठेवता येतो. गणपती होऊ देत, मग बघू, असं करू नका. याच आठवड्यात निघा.