डाग दिसायची वाट पाहू नकोस

प्रिय बाय,

परवा फोनवर तुझा आवाज भरून आला होता. जास्त साखरेत ठेवलेल्या डोळ्याच्या पडद्याच्या पेशी पुन्हा नेहमीच्या साखरेत आणल्या, तरी त्यांचे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, सावरले नाहीत, म्हणून प्रयोग फसला म्हणालीस. अगं, फसला कशावरून? तुला नको होतं ते उत्तर मिळालं, एवढंच.

डीसीसीटी आठव, मधुमेहींवरची ती मोठी चाचणी: एका गटाची साखर काटेकोर आटोक्यात, दुसऱ्यावर नेहमीचे उपचार. १९९३ मध्ये ती संपली. पुढे दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी ज्यांनी आधीची वर्षं ती आटोक्यात ठेवली होती, त्यांचे डोळे कितीतरी वर्षं अधिक सुरक्षित राहिले. पेशी मागचं विसरत नाही. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइड नावाचं घातक रसायन सुटतं, त्यानं तिथलाच डीएनए झिजतो, त्यावरून बनणारे भाग सदोष निघतात आणि गळती आणखी वाढते. साखर उतरली तरी हे रहाट फिरतच राहतं. म्हणून म्हणतो, पडद्यावर मधुमेहाचे डाग दिसायची वाट पाहू नकोस.

मी पाहिली. बार्देशातला एक पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, माझ्याकडे यायचा, बारा वर्षांचा मधुमेह. म्हणाला, "डॉक्टर, पहाटे भट्टीत उंडे भाजले की करपले ते कळत नाही, उजेडात सगळं नीट दिसतं." मी बाहुली मोठी करून पडदा पाहिला. एक डाग नाही. चष्म्याचा नंबर बदलून दिला आणि वर्षानं या म्हणालो. तो तीन वर्षांनी आला, तेव्हा एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. रंगांमधला बारीक फरक कळेनासा होणं ही चेतापेशींची तक्रार असू शकते, रक्तवाहिन्या स्वच्छ दिसत असतानाही. माझ्याकडे तेव्हा ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारं यंत्र, नव्हतं; गँगलियन पेशींचा, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतापेशींचा, थर मोजायची सोय नव्हती. हे खरं आहे. पण कान होते. आणि वर्षानं या म्हटल्यावर तो आला की नाही, हे पाहणं माझंच काम होतं.

तुला कुणीतरी सांगितलंय की रक्तवाहिन्यांवर काम कर, तिथे इंजेक्शनं आहेत, लेसर आहे. असेल. पण डोळ्याच्या आत गँगलियन पेशींच्या तंतूंवर मायलिनचं, म्हणजे संदेश झटपट पुढे नेणारं, वेष्टन नसतं. संदेश पुढे सरकवायला त्यांना टप्प्याटप्प्यावर ऊर्जा लागते, म्हणून मायटोकॉन्ड्रियांची तिथे एवढी दाटी. लेबरच्या आनुवंशिक नेत्ररोगात मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतलं एक अक्षर बदलतं आणि मुख्यतः याच पेशी मरतात. यापेक्षा स्पष्ट खूण कोणती हवी? आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. या सगळ्यांच्या पडद्यावर डाग उमटेपर्यंत आपण काय करायचं?

आता एक कडू बोलतो. मॅनिटॉलचं कंट्रोल, म्हणजे पेशींना वापरता न येणाऱ्या पदार्थाच्या तेवढ्याच दाट द्रावणातल्या पेशी, ठेवलं होतंस का, हे मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तू विषय बदललास. पेशी साखरेनं दमल्या की नुसत्या दाट द्रावणानं, हे त्याशिवाय कळणार नाही. तुझं उत्तर मला आवडलं म्हणून ते खरं ठरत नाही.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला आलीस की घरी ये. नोंदवही आण. मॅनिटॉलचं पान आधी उघडू, जेवण नंतर.

तुझा,
डॉक्टरकाका