विमानात एकच हँडबॅग चालते म्हणतात, मग पर्स त्यात धरतात का?

नाही धरत. विमान प्रवासाची सुरक्षा बघणारं सरकारी खातं, ब्यूरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी, त्याच्या नियमात एका हँडबॅगशिवाय काय काय चालतं त्याची यादीच आहे, त्यात लेडीज बॅग, ओव्हरकोट, कॅमेरा, छत्री, तान्ह्या बाळाचं खाणं असं सगळं येतं. आपल्याकडे खांद्याला लटकवली की ती पर्सच, आमच्या नागपुरात बर्डीच्या बाजारातला दुकानदारही तेच म्हणतो, म्हणून तिकिटावर हँडबॅग, म्हणजे विमानात सोबत न्यायची बॅग, असं वाचलं की घोळ होतो.

आता माझं ऐका. मे महिन्यात आम्ही सगळे नणंदेकडे पुण्याला निघालो होतो, सोनेगावच्या एअरपोर्टवर काउंटरवरची मुलगी म्हणाली मॅडम ही पर्स फार जड दिसून राहिली, काट्यावर ठेवा. तर आमचे हे सगळ्या लाइनीसमोर म्हणतात, "तू काहून भरतेस एवढं?" आणि सासूबाईंनी मान डोलावली. मी तिथंच चेन उघडली. ह्यांचा चष्म्याचा डबा, ह्यांची पॉवर बँक, चार्जरच्या वायरींचा गुंता, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, पोराची पाण्याची बाटली, नणंदेसाठीची संत्रा बर्फी, आणि ऊन लागू नये म्हणून सासूबाईंनीच सकाळी टाकलेला पांढरा कांदा. ज्याचं त्याच्या हातात देत गेले. शेवटी माझं उरलं काय तर स्कार्फ, पैशाचं पाकीट, कंगवा आणि घराची किल्ली. पर्स काट्यावर ठेवायची गरजच नाही पडली.

घरातून निघताना "जरा ठेव ना तुझ्या पर्समध्ये" म्हणायचं आणि चारचौघात बायका किती सामान भरतात म्हणून हसायचं, हे मला अजिबात पटत नाही. ताई, तुम्ही पर्स मोठी घेऊच नका, मोठी घेतली की घरचे भरणारच. नवऱ्याला एक स्लिंग बॅग घेऊन द्या, बर्डीवर ढिगाने मिळतात, फक्त पट्टा जिथे जोडलाय तिथली शिलाई ओढून बघा.

हां, बाळ लहान असेल तर मोठीच लागते, तिथे इलाज नाही. आणि पर्सचं वजन, साइज प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तिकीट काढतानाच बघून घ्या. पॉवर बँक मात्र चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती सोबतच न्यावी लागते, तर ज्याची आहे त्याने आपल्या खिशात ठेवावी.