.४६५, .४७०, .४७५, .४७६: हत्तीच्या काडतुसांचे आकडे इतके चिकटून का?

हत्ती आणि रानरेड्यांसाठीच्या जुन्या ब्रिटिश काडतुसांत ही एवढी गर्दी का आणि त्यांत सगळ्यात दमदार कोणतं, असं तुम्ही विचारलंय. मी शिकारी नाही, जुन्या बंदुकांबद्दल वाचायचा नाद आहे, तेवढ्यावर सांगतो.

गर्दीचं मुख्य कारण सरकारी बंदी. १८९८ मध्ये रिग्बी या ब्रिटिश बंदूक कंपनीने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणलं (आकडा म्हणजे साधारण बोर, नळीच्या आतला व्यास, इंचात). काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू, ३१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. बाकीच्यांनीही तोच बोर उचलला. पण फौजेची जुनी मार्टिनी-हेन्रीही .४५० चीच, आणि तशा रायफली बंडखोरांच्या हाती होत्या. शिकारीच्या काडतुसातली गोळी उपटून त्यांनी वापरली तर? १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदानात .४५० काडतुसांची आयात बंद झाली. एवढं मोठं गिऱ्हाईक कोण सोडणार! बोर केसभर वाढवून हॉलंडने .४६५ काढलं, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. ताकद जवळपास तीच. जोसेफ लँगचं .४७० इतर बंदूकवाल्यांनाही मोकळं होतं, म्हणून तेच सगळ्यांत जास्त रुजलं, आजही बनतं. (नावावर जाऊ नका, त्याची गोळी प्रत्यक्षात .४७५ इंचाची असते.)

या सगळ्यांच्या पुंगळ्या (दारू भरलेली पितळी कवचं) भल्या लांब, .४७० ची तर सव्वातीन इंच. कॉर्डाइट उन्हात तापलं की दाब वाढतो आणि पुंगळी नळीत अडकते. समोरून रेडा येत असताना ती ओढत बसणं कुणाला परवडेल? म्हणून ऐसपैस पुंगळी ठेवून दाब मुद्दाम कमी राखला. तरीही .४७० ची ऊर्जा ७,००० जूलच्या आसपास भरते, म्हणजे ७.६२ नाटो या फौजी रायफलीच्या काडतुसाच्या दुप्पट.

निव्वळ जोरच मोजायचा तर .६०० नायट्रो एक्सप्रेसची गोळी ५८ ग्रॅमची, आणि १९८८ चं .७०० त्याच्याही वर. माझ्या मते ही दोन्ही मिरवायची काडतुसं. धक्का इतका की दुसरा बार धड नेमावर बसणं अवघड. कामाचं म्हणाल तर १९१२ चं .३७५ हॉलंड अँड हॉलंड. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी धोकादायक जनावरांसाठी तीच किमान अट असते. आणि बेल नावाच्या शिकाऱ्याने तर बरेचसे हत्ती ७ मिलिमीटरच्या, म्हणजे बारीक बोरच्या, माउझर रायफलीने पाडले, पण कवटीच्या आत मेंदू नेमका कुठे असतो हे त्याला पाठ होतं.