छंद म्हणून जुना पिकअप ट्रक घेऊन दुरुस्त करायचा आहे. आधी काय बघू, इंजिन की बॉडी?

दोन्हींच्या आधी गंज. इंजिन दुसरं मिळतं. सडलेली चासी (गाडीचा खालचा सांगाडा) मात्र छंदच संपवते. केबिनचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी, मडगार्ड, सगळीकडे लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही तर रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. पहिल्यांदाच करताय तर फोर्ड एफ-१०० किंवा १९४७-५५ची शेवरोले ३१०० बघा, त्यांचे नवे पत्रे आजही बनतात.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला लगेच स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग इंजिन हाताने फिरवून बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. मग ब्रेक. रंग अगदी शेवटी (मी तिथूनच सुरुवात केली होती, दोनदा रंगवावी लागली).