आधी ब्रेक बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रेल्वेगाडी चालवण्याबद्दल तू विचारलंस, "स्क्रीनवर ब्रेक पाइपचं प्रेशर ५ किलो दिसतंय, सुटण्याआधी हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोचते का ही कंटिन्युइटी टेस्ट झालीय, मग गाडीने वेग धरल्यावर पुन्हा ब्रेक लावून काय बघायचं?" प्रश्न प्रामाणिक होता आणि मी तुझ्यावर खेकसलो. खेकसायला नको होतं. उत्तर मात्र तेच आहे : आधी ब्रेक बघ.

अरे, ब्रेक पाइप म्हणजे इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेलेली हवेची नळी; तिच्यातलं प्रेशर उतरलं की ब्रेक लागतात. ती स्क्रीन फक्त इंजिनातलं प्रेशर दाखवते. इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधला अँगल कॉक, म्हणजे त्या नळीची तोटी, चुकून बंद राहिला, तरी तुझ्यासमोर ५ किलोच दिसणार. ब्रेकचं हँडल ओढलंस की हवा किती वेळ सुटते ते ऐक. अख्ख्या गाडीची हवा रेंगाळत जाते, नुसत्या इंजिनाची फुस्स करून संपते. तुमच्या नव्या केबिनमध्ये काचा बंद, एसी चालू, ऐकणार कुठून? तर मग अंगाला कळू दे. नॉच, म्हणजे इंजिनाची ओढ, शून्यावर आण, हवेचं प्रेशर अर्धा किलोने कमी कर आणि वेग कसा उतरतो ते बघ.

आणि ही परीक्षा डायनॅमिक ब्रेकवर उरकू नकोस, हे किती वेळा सांगू? त्यात ट्रॅक्शन मोटरचाच जनरेटर होतो, वीज इंजिनावरच्या ग्रिडमध्ये, म्हणजे रोधकांच्या जाळीत, तापून उडून जाते, वेग छान उतरतो आणि आपण खूश. पण ती अडवणूक फक्त इंजिनाच्या चाकांची. डबे मागून रेटतच असतात. त्यांचा ब्रेक तू अजून पाहिलेलाच नाहीस.

मीही एकदा पाहिला नव्हता. पावसाळी रात्र, गाडी लेट, वाटेत डबे जोडलेले. जोडलेल्या डब्यांचे ब्रेक कुणीतरी आयसोलेट करून, म्हणजे बंद करून, ठेवले होते, आणि ते मला कळवलं नव्हतं. नेहमीच्या जागी ब्रेक लावला, गाडी घसरगुंडीवर असल्यासारखी पुढे. पुढचे तीन डबे फलाटाबाहेर उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ अंधारात खडीवर पाय टाकू लागले, आतल्या लोकांनी धरलं म्हणून बरं. चौकशीत मी सांगितलं : रूळ ओले होते, वरून घाईचा तगादा होता, नोंद मिळाली नव्हती. आजही सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे ठाऊक असलेला माणूस मोकळ्या मार्गावर अर्धा किलो हवा सोडून बघायला विसरला, हेही खरंच. विसरला म्हणतो, खरं तर टाळलं होतं.

सोमवारी आपण एकत्र आहोत. मोकळा सिग्नल मिळाला की काच खाली कर आणि ब्रेक बघ. हवेचा आवाज थांबेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस.