एवढी काटकसर करूनही वर्ष पुरत नाही, आमचं चुकतंय कुठे?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी कुणीतरी विचारतंच, शब्द वेगळे असतात पण दुखणं हेच. वर्षाला ठरलेली रक्कम मिळते, त्यात वाढ नाही, अर्धं वर्ष सरायच्या आत पोटात गोळा यायला लागतो आणि घरातले सगळे एकमेकांवर खेकसायला लागतात. उत्तर नुसतं सांगण्यापेक्षा एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बाई चाळिशीच्या पुढच्या, आपण त्यांना ताईच म्हणू. नवऱ्याला तब्येतीमुळे नोकरी सोडावी लागली, जे एकरकमी पैसे मिळाले ते गुंतवले आणि दोघांनी ठरवलं की दरवर्षी त्यातून एक ठराविक रक्कम एकदाच काढायची आणि तेवढ्यात वर्ष काढायचं. मुलगा नववीत. दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा त्या माझ्याकडे आल्या, पैशाचं बोलायला नाही हं, झोप लागत नाही म्हणून. बसल्या बसल्या पर्समधून रबरबँड लावलेली छोटी डायरी काढली आणि माझ्यासमोर सरकवली, आपण डॉक्टरपुढे रिपोर्टची फाइल सरकवतो तशी. पानापानावर बारीक अक्षरात खर्च आणि काही आकड्यांखाली लाल पेनाने दोन दोन रेघा. लाल रेघा कशाच्या विचारलं तर म्हणाल्या, "ते ह्यांनी न विचारता केलेले."

काय काय करत होत्या त्या! टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून आतली पुसून घ्यायची, साबणाच्या चिपट्या नव्या साबणाला चिकटवायच्या, मुलगा अभ्यासाला बसला असला तरी येताजाता पंखा बंद करायचा. पंख्यावरून तर रोज वाद. मी सहज विचारलं की गीझर किती वेळ चालू असतो, तर म्हणाल्या सकाळी तासभर असतोच, तिघांच्या आंघोळी होईपर्यंत. आता बघा, 75 वॅटचा पंखा तेरा तास फिरला तर एक युनिट होतं आणि 2000 वॅटचा गीझर पाणी तापवत असला की अर्ध्या तासात एक युनिट खातो. म्हणजे ज्या पंख्यासाठी पोराशी भांडण तो पंखा तसा निर्दोषच. पण पंखा डोक्यावर फिरताना दिसतो ना, गीझर बाथरूममध्ये वर कोपऱ्यात. आपली काटकसर बहुतेक वेळा जे दिसतं त्याच्यावर तुटून पडते.

इथे माझी एक चूक कबूल करते. पहिल्या भेटीत मी त्यांना पाकिटांची पद्धत सांगितली, म्हणजे प्रत्येक खर्चाचं पाकीट वेगळं आणि त्यातले संपले की थांबायचं. चांगली पद्धत आहे, अनेकांना उपयोगी पडते, पण ज्या बाई आधीच पै पैचा हिशेब ठेवतायत त्यांच्या हातात मी अजून एक पट्टी दिली. पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा पाकिटं अकरा झाली होती आणि नवऱ्याशी बोलणं जवळजवळ बंद. मग मी म्हटलं, पुढच्या वेळी दोघं या.

दोघं आले. नवरा अगदी गप्प माणूस, चष्म्याची एक दांडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली, दोरा मळलेला, म्हणजे बरेच महिने झालेले असणार. मी कारण विचारलं तर म्हणाले, "होईल हो, नवं वर्ष लागलं की बघू." ताई तिकडे खिडकीबाहेर बघत होत्या. नंतर कळलं की त्यांचा नंबरही बदललाय, औषधाच्या पाकिटावरचं बारीक वाचता येत नाही म्हणून ते अंदाजाने गोळ्या घेत होते आणि एकदा घोळ होऊन डॉक्टरांकडे पळावं लागलं होतं. त्या एका पळापळीचा खर्च चष्म्यापेक्षा जास्त झाला, हे डायरीत होतं, पण चष्मा नाही घेतला हे कुठल्याच पानावर नव्हतं. न केलेला खर्च कुणी लिहीत नाही, त्यामुळे तो महागात कधी पडला तेही कळत नाही.

मग मी त्यांना म्हटलं, मला रक्कम सांगूच नका, वर्षाचे सगळे पैसे म्हणजे 100 भाग धरू. हे मी बहुतेकांच्या बाबतीत करते कारण खरा आकडा उच्चारताना माणूस एकतर लाजतो नाहीतर चिडतो आणि दोन्हीत डोकं चालत नाही. विचारलं, किती महिने झाले, किती भाग गेले? ताईंना तोंडपाठ होतं. पाच महिने झाले, 53 गेले. आणि लगेच डोळ्यात पाणी, कारण त्यांच्या हिशेबाने 100 भागिले 12 म्हणजे महिन्याला 8 आणि वर थोडे, पाच महिन्यांचे 42 च्या आत हवे होते. म्हणजे 11 भाग जास्त उडाले! ह्या 11 भागांवर त्या घराचं चार महिन्यांचं भांडण चाललं होतं. ताईंना वाटे ह्यांच्या हाताला भोक आहे, ह्यांना वाटे हिने किराण्यात हात सैल सोडला असणार.

मी बारा कोरे कागद काढले, प्रत्येकावर एक महिना, आणि गेल्या वर्षीचं पासबुक त्यांना सोबत आणायला सांगितलंच होतं. सुरुवात रोजच्या खर्चाने करायची नाही असं आधीच बजावलं. आधी फक्त वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे खर्च, ज्या त्या महिन्याच्या कागदावर. शाळेची फी, विम्याचा हप्ता, घराचा कर, तपासण्या, कपडे, दुरुस्त्या, कुणाला द्यायच्या भेटी. दीड तास लागला, मध्ये एकदा दोघं हसलेसुद्धा. हे सगळे मिळून 28 भाग निघाले. मग दर महिन्याला न चुकता जाणारे, बिलं आणि नेहमीची औषधं वगैरे, महिन्याला 3 म्हणजे वर्षाचे 36. अडीअडचणीला 4 बाजूला. राहिले 32, ते रोजचे.

आता गंमत बघा. 28 पैकी 22 भागांचे खर्च पहिल्या पाच महिन्यांतच येत होते, फी आणि विमा तर एकाच महिन्यात. म्हणजे पाच महिन्यांत जायलाच हवे होते ते 22, अधिक बिलांचे 15, अधिक रोजचे साधारण 13, झाले 50. गेले होते 53. म्हणजे चूक 11 भागांची नव्हतीच, जेमतेम 3 भागांची होती. बाकीचे पैसे कुणी उडवले नव्हते, ते फक्त त्यांच्या त्यांच्या महिन्यात आले होते. पण वर्षाला 12 ने भागून बसलं की असा प्रत्येक खर्च दरोड्यासारखा वाटतो, आणि विमा काय दरोडेखोर आहे का, तो दरवर्षी त्याच तारखेला येतो.

ताई बराच वेळ त्या कागदांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ते तीन कुठे गेले?" (हिशेबी माणूस, सोडणार थोडीच.) म्हटलं घरी जाऊन शोधा पण लाल पेन नको. पुढच्या वेळी हसत हसत आल्या. एक तर ती डॉक्टरांकडची पळापळ. आणि दुसरं म्हणजे कपाटात 23 साबण, टूथपेस्टचे डझनभर डबे आणि धुण्याच्या पावडरीची पोती, सगळं ऑफरमध्ये घेतलेलं, स्वस्त पडतं म्हणून, स्वतः ताईंनीच. काटकसर म्हणून घेतलेलं सामान कपाटात आणि चष्म्याला दोरा! मी काहीच बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

ह्यात ताई मूर्ख नव्हत्या हे मला ठासून सांगायचंय, कारण अशा वेळी लोक स्वतःला फार शिव्या घालतात. अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लैनाथन, मानसशास्त्रज्ञ एल्डार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला, त्यात तमिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांची तोडणीआधी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर अशी दोनदा परीक्षा घेतली. माणसं तीच, पण पैशाची ओढाताण असताना त्यांना विचार करायला लावणारी कोडी कमी सुटली. वर्षाचे पैसे एकदम येणारं घर हे असंच असतं. सुरुवातीला डोकं मोकळं, शेवटी शेवटी डोक्यात एकच घरघर, आणि त्या घरघरीत माणूस एकावर एक फ्री बघून भुलतो. म्हणून मोठे निर्णय, फी कधी, विमा कधी, चष्मा कधी, हे सगळं पैसे हातात आल्या आल्या पहिल्या आठवड्यात ठरवून टाकायचं, वर्ष संपताना नाही.

मग उरलेल्या सात महिन्यांचं बघितलं. शिल्लक 47. त्यातले बिलांचे 21, राहिलेले वार्षिक खर्च 6, अडचणीचे 4 काढले की रोजच्याला 16 उरतात. लागले असते साधारण 18 ते 19. म्हणजे रोजच्या खर्चात सातातला एक भाग कमी करायचा होता, बस. ताईंनी तर निम्म्यावर आणलं होतं सगळं आणि घर त्यामुळेच गुदमरलं होतं. 16 भाग आम्ही 30 आठवड्यांवर पसरले, महिन्यांवर नाही, कारण चार आठवड्यांचा महिना धरला तर वर्षात 48 च आठवडे होतात आणि उरलेले चार आठवडे शेवटी येऊन चावतात. आठवड्याचे पैसे बुधवारी काढायचे असं ठरलं. शनिवारी काढले की रविवारीच निम्मे जातात हे त्या नवऱ्याचं निरीक्षण, एवढ्या भेटींत त्यांनी आपणहून केलेली ही पहिली सूचना.

एका गोष्टीवर मात्र ताई अडून बसल्या. मी म्हटलं, दोघांना आणि मुलाला थोडे थोडे असे पैसे द्या ज्यांचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. "मॅडम, इथे मोजून मापून चाललंय आणि बिनहिशेबी कसले?" पण माझं ह्याबाबत ठाम मत आहे, ज्या घरात प्रत्येक पैशाला उत्तर द्यावं लागतं तिथे माणसं लपवायला लागतात, आणि लपवलेला खर्च कुठल्याच तक्त्यात बसत नाही. शेवटी तयार झाल्या, अगदी थोडेच, पण झाल्या.

मुलाला सांगायचं का यावरही बोललो. तो काही मागायचाच बंद झाला होता, सहलीचा फॉर्म त्याने दप्तरात तळाशी घडी घालून ठेवलेला ताईंना सापडला, तारीख उलटून गेलेली. चौदा वर्षांच्या पोराला सगळं दिसत असतं, फक्त आकडा माहीत नसतो म्हणून तो मनातल्या मनात त्याहून वाईट काहीतरी धरून बसतो. त्यांनी घरी ते बारा कागद त्याच्यापुढे मांडले. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, आपण गरीब झालोय का? वडील म्हणाले, "नाही रे, आपलं मोजून आहे." पुढच्या वर्षीची सहल मग त्यानेच स्वतःच्या अक्षरात वार्षिक खर्चांच्या यादीत लिहिली.

सगळ्यांचं असं सुटत नाही, हेही सांगते. वार्षिक आणि मासिक खर्चच मिळून 100 च्या जवळ जात असतील तर काटकसरीने काही होत नाही, तिथे मिळकत वाढवायची, घर लहान करायचं नाहीतर कर्जाची मुदत वाढवून घ्यायची, साबणाच्या चिपट्या चिकटवून तो खड्डा भरत नाही. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर डॉक्टरांनाही दाखवा, ताईंनाही मी पाठवलंच होतं.

आठव्या महिन्यात त्यांचा फोन आला, पाण्याची मोटर जळाली. मी मनात म्हटलं, गेलं आता सगळं मुसळ केरात. पण ताई शांत होत्या, म्हणाल्या, "अडचणीच्या 4 मधले 3 गेले, आठवड्याचे तसेच आहेत. हेच सांगायला फोन केला."

वर्ष संपताना दोघं शेवटचे आले ते पुढच्या वर्षाचं विचारायला. रक्कम तीच ठेवावी का? मी म्हटलं, महागाई 6 टक्के धरली तर आजच्या 100 भागांत पुढच्या वर्षी 94 भागांचंच येईल, आणि बारा वर्षांत निम्मं. तेव्हा दरवर्षी कागद नव्याने मांडायचे आणि रक्कम किती वाढवायची, मूळ गुंतवणुकीला किती झेपेल, हे पैशातलं कळणाऱ्या माणसाला विचारायचं, ते माझं काम नाही. नवऱ्याने सगळं लिहून घेतलं, नव्या चष्म्यातून, सावकाश. डायरी आता त्यांच्याकडे असते. जाता जाता ताईंना विचारलं, साबण किती राहिले?

"सात," त्या म्हणाल्या, "पण एक मुलगा वापरत नाही, त्याला वास आवडत नाही."